वळवाच्या आधीचं झाड

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, हवामानाचा सल्ला निघतो. उन्हाळा चढला की त्यात एक इशारा हमखास येतो. तुरळक ठिकाणी वादळी वारा, मेघगर्जना, विजांचा कडकडाट. वाऱ्याचा वेग ताशी ३० ते ४० किलोमीटर, कधी ५०-६०. शेतकरी तो वाचून हळद झाकतो, गुरं आत घेतो, पत्र्यावर दगड ठेवतो. दारातल्या कडुलिंबाकडे मात्र कुणी पाहत नाही. वारं येऊन गेल्यावर, फांदी पत्र्यावर पडली की मग सगळे पाहतात.

खरं म्हणजे त्या लिंबाने वाऱ्याची तयारी फार आधीपासून केलेली असते. किती आधीपासून आणि किती बारकाईने, हे कळत गेलं की अंगणातल्या झाडाकडे बघण्याची नजरच बदलते. त्यासाठी आधी एक आकडा लक्षात ठेवावा लागेल.

जानेवारी २००९ मध्ये ‘क्लाउस’ नावाच्या वादळाने फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातली जंगलं झोपवली. तिथल्या मोडतोडीच्या नोंदींना प्रयोगांची जोड देऊन एमानुएल विरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक निष्कर्ष मांडला. झाड उंच असो की ठेंगणं, जाड असो की बारीक, मऊ लाकडाचं असो की टणक, खोड मोडण्याचा वाऱ्याचा वेग जवळपास एकाच आकड्याभोवती येतो : सेकंदाला सुमारे ४२ मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर. आता परभणीकडे या. आपल्याकडचा वळीव बहुतेक वेळा याच्या निम्मा वेगसुद्धा गाठत नाही, आणि तरी दर मे महिन्यात गंगाखेडपासून जिंतूरपर्यंत झाडं आडवी होतात. दीडशेला मोडायला हवं ते साठ-सत्तरला का पडतं? मधल्या ऐंशी किलोमीटरचा हिशेब कुणाच्या खात्यावर मांडायचा?

काही मातीच्या, काही कुजीच्या आणि बराचसा आपल्या, असं माझं उत्तर आहे.

आधी वळवाचा वारा समजून घेऊ. मेच्या दुपारी परभणीचा पारा ४२-४३ च्या पुढे गेलेला असतो. जमिनीलगतची हवा कोरडीठाक. अशात उंचावर ढग जमतो आणि त्यातून पाऊस सुटतो, पण खाली येताना त्या कोरड्या हवेत थेंबांची वाफ होऊ लागते. वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते, हवा गार पडते, जड होते आणि खाली कोसळते. जमिनीवर आदळली की चारी बाजूंना पसरते. म्हणूनच आपल्याकडे आधी धूळ येते, मग दार-खिडक्या आपटतात, मग एकदम गारवा जाणवतो आणि पाऊस सगळ्यात शेवटी येतो. कधीकधी तर येतच नाही. या वाऱ्याला ठरलेली दिशा नसते. ढग ज्या बाजूला उभा, तिकडून तो येतो. पावसाळी वारे पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतात. ते झाडाच्या सवयीचे. वळीव मात्र भलत्याच अंगाने धक्का देतो.

वेळही त्याची नेमकी. लिंब, वड, पिंपळ शिशिरात पानं झाडतात आणि चैत्रात नव्या पालवीने भरून येतात. वैशाखात, वळवाच्या ऐन दिवसांत, त्यांचा घेर पुरा भरलेला असतो. माघात हाच वारा आला असता तर उघड्या फांद्यांतून निघून गेला असता.

भरलेल्या घेरावर वाऱ्याचा किती जोर येतो? ढोबळ हिशेब करू. सहा मीटर रुंद आणि तितक्याच उंच घेराचा लिंब धरा आणि ताशी ७० किलोमीटरचा वारा. त्या घेरावर साधारण अडीचशे किलो वजनाइतका आडवा रेटा येतो, तोही जमिनीपासून सहा-सात मीटरवर, म्हणजे बुंध्याच्या दृष्टीने लांबलचक तरफेच्या टोकाला. त्याच आकाराचा पत्र्याचा जाहिरात फलक तिथे उभा असता तर रेटा सुमारे तिप्पट झाला असता. फलक वाऱ्यापुढे ताठ उभा राहतो. झाड तसं राहत नाही.

झाड काय करतं, हे स्टीव्हन व्होगेल या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने वाऱ्याच्या बोगद्यात पानं ठेवून पाहिलं आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध केलं. वारा वाढला की रुंद पान देठाकडून गुंडाळलं जातं आणि त्याचा निमुळता शंकू होतो. शेजारचं पान त्याच्यात, त्याच्या शेजारचं त्याच्यात. संयुक्त पानांच्या पर्णिका एकमेकांवर मिटून दांडीला चिकटतात. लिंब, चिंच, गुलमोहर, शेवगा ही सगळी आपली संयुक्त पानांचीच मंडळी. कठीण वस्तूवर वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. झाडावर तो तितका वाढत नाही, कारण वारा वाढेल तसं झाड स्वतःला लहान करत जातं. पुढच्या वेळी वावटळ उठली की घरात पळण्याआधी खिडकीतून लिंबाच्या शेंड्याकडे क्षणभर बघा. पानांचा रंगसुद्धा बदललेला दिसतो, कारण सगळ्यांनी पाठ वळवलेली असते.

फांद्यांची मांडणीही तितकीच हिशेबी आहे. लिओनार्दो दा व्हिंचीने पाचशे वर्षांपूर्वी वहीत नोंदवून ठेवलं होतं की, कुठल्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्यांची जाडी एकत्र केली तर ती खोडाच्या जाडीइतकी भरते. जाडी म्हणजे इथे कापल्यावर दिसणाऱ्या तोंडाचं क्षेत्रफळ. बराच काळ लोकांना वाटायचं की हे पाण्याच्या वाहतुकीसाठी असणार; जितक्या नळ्या खाली, तितक्या वर. २०११ मध्ये ख्रिस्तोफ एलॉय या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने गणित मांडून दाखवलं की वाऱ्याचा ताण सगळ्या फांद्यांवर सारखा वाटायचा असेल, तर झाडाला नेमकी अशीच वाढ करावी लागते. कुठेही नको इतकं लाकूड नाही, कुठेही कमी नाही.

आणि हे झाडाला कळतं कसं? हलून. १९७३ मध्ये मॉर्डेकाय जॅफ या वनस्पतिशास्त्रज्ञाने रोपांच्या खोडांना रोज काही सेकंद नुसतं चोळलं. चोळलेली रोपं न चोळलेल्यांपेक्षा ठेंगणी आणि जाड झाली. हलण्याचा प्रत्येक झोका झाडासाठी निरोप असतो : इथे ताण आला, इथे लाकूड घाला. एका अंगाला झुकलेल्या लिंबाचं किंवा आंब्याचं खोड पाहा. वरच्या अंगाला ते वेगळ्या प्रकारचं ताणाचं लाकूड तयार करतं आणि ते आकसून खोडाला मागे ओढत राहतं. म्हणजे वर्षानुवर्षं झुकून उभं असलेलं झाड धोकादायकच असतं असं नाही. त्याने तेवढी सोय केलेली असते. काल सरळ होतं आणि आज झुकलंय, बुंध्यापाशी माती उचलली गेलीय, ते झाड धोक्याचं. हा फरक ओळखता आला तरी अर्धी भीती जाईल आणि पुष्कळ झाडं वाचतील.

वडाने तर यावर कडी केली आहे. पारंबी लोंबत असते तोवर ढिली असते. जमिनीत रुजली की काही काळाने तिच्या आतलं ताणाचं लाकूड आकसतं आणि पारंबी ताठ ओढली जाते. वडाच्याच कुळातल्या एका झाडाच्या पारंब्यांवर १९६८ मध्ये हे दाखवलं गेलं. म्हणजे वड आधी दोर खाली सोडतो, जमिनीत गाठ मारतो आणि मग दोर आवळतोसुद्धा. हावड्याच्या शिबपूर इथल्या वनस्पती उद्यानातला महावटवृक्ष १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत जखमी झाला, पुढे बुरशीने त्याचं मूळ खोड कुजलं आणि १९२५ मध्ये ते कापून काढावं लागलं. झाड आज शंभर वर्षांनीही हजारो पारंब्यांवर उभं आहे, मधलं खोड नसताना. आपण काय करतो? ओट्यावर झाडायला आड येतात म्हणून पारंब्या हाताच्या उंचीला आल्या की छाटून टाकतो. गावच्या वडाला वादळासाठी तयार करायचं असेल तर दोन-चार पारंब्या जमिनीला टेकू द्या, बस. टेकेपर्यंत पोकळ बांबूतून खाली उतरवल्या तर गुरं आणि पोरं त्यांना ओरबाडत नाहीत.

आता जमिनीखाली जाऊ, कारण आपल्या जिल्ह्यातला घोळ तिथेच आहे.

झाडाची मुळं झाडाच्या उंचीइतकी खोल जातात, ही समजूत पक्की बसलेली आहे. प्रत्यक्षात बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि घेराच्या बरीच बाहेरपर्यंत पसरतात. बुंध्याभोवती मुळं आणि माती मिळून एक जाड, रुंद चकती तयार होते. वारा झाडाला ढकलतो तेव्हा ती चकती एका बाजूने उचलली जाऊ पाहते. तिला खाली धरून ठेवण्याचं सगळ्यात मोठं काम वाऱ्याकडच्या अंगाची मुळं करतात, ताणून. झाड पडताना जे मूळ आधी तुटतं, ते पडण्याच्या उलट बाजूचं असतं. घराच्या दिशेने झाड पडू नये असं वाटत असेल, तर घरापासून दूरच्या अंगाची मुळं जपा. आपण जपतो नेमकी उलटी. पायाला लागतील म्हणून घराकडच्या मुळांची चिंता, आणि पलीकडून नळाची चारी खणताना जी मुळं कुदळीखाली येतात त्यांची दादफिर्याद नाही.

त्यात आपली काळी माती. दख्खनच्या बेसॉल्टमधून बनलेली, कापसाला प्रिय, घर बांधणाऱ्याला नकोशी. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मेमध्ये जमिनीला भेगा पडतात, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशा. त्या भेगांत बारीक मुळं तटातट तुटतात. पुढे पावसाळ्यात हीच माती पाणी पिऊन लोण्यासारखी मऊ होते आणि मुळांवरची पकड सैल करते. म्हणजे एकाच झाडाला एका वर्षात दोन वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात. वळवात जमीन कडक पण फुटलेली, भाद्रपदात सलग पण ढिली. १ आणि २ सप्टेंबर २०२४ ला परभणी-हिंगोली-नांदेड पट्ट्यात जशी अतिवृष्टी झाली, तशा पावसानंतर झाड पडायला वादळ लागतच नाही. साधा झोत पुरतो. जिंतूरकडच्या डोंगराळ भागात आणखी निराळं. तिथे वीतभर-हातभर मातीखाली मुरूम नाही तर खडक, त्यामुळे चकती पातळ. पाथरी, सोनपेठ, गंगाखेडच्या गोदाकाठाला माती खोल. लिंब इथला आणि तिथला दिसायला सारखा, पण उभा राहतो वेगवेगळ्या भरवशावर.

काळ्या मातीतल्या झाडासाठी सगळ्यात सोपी तयारी कुणी करत नाही : उन्हाळ्यात पाणी आणि आच्छादन. घेराच्या कडेकडेने, बुंध्यापाशी नव्हे, महिन्यातून दोनदा भरपूर पाणी सोडायचं आणि वर तूर-कापसाच्या पऱ्हाटीचा चुरा, गव्हाचा भुसा, पालापाचोळा काहीही चार-सहा बोटं जाड पसरायचं. माती ओली राहिली तर फुटत नाही, आणि मुळं शाबूत राहतात. पाचोळा बुंध्याला टेकू द्यायचा नाही, तिथे साल कुजते. परभणीच्या उन्हाळ्यात माणसांनाच पाणी पुरत नाही हे मला ठाऊक आहे. पण धुण्याभांड्याचं पाणी गटारात जातंच, ते चारीने झाडाकडे वळवायला खर्च नाही.

आणि सिमेंट. अंगण चकचकीत करायचं म्हणून बुंध्याला घट्ट लागून फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवायची टूम गेल्या काही वर्षांत खेड्यांतही पोचली. मुळांना हवा मिळत नाही, पाणी मिळत नाही, ती मरतात, आणि वरून झाड दोन-तीन वर्षं हिरवंच दिसतं. जुने पारही आता सिमेंटचे झाले. दगड-मातीचा पार पाणी झिरपू देत होता; हा देत नाही. शिवाय पार उंच करताना बुंधा दोन-तीन फूट भरावात गाडला जातो. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीपाशी मुळांकडे पसरत गेलेला दिसायला हवा. विजेच्या खांबासारखा सरळ जमिनीत शिरलेला दिसला तर समजावं की खरा बुंधा खाली कुठेतरी गुदमरतोय. लोखंडी जाळी आणि तारांचंही तेच. लहानपणी गुंडाळलेली तार झाड मोठं झाल्यावर कुणी काढत नाही. साल तिला गिळते आणि बरोबर त्याच रेषेवर खोड मोडतं.

आता छाटणी. वादळाची तयारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कुऱ्हाडच येते. शेंडा मारा, झाड हलकं करा, संपलं. प्रत्यक्षात शेंडा मारल्याने झाड वर्षभर हलकं होतं आणि पुढची दहा वर्षं धोकादायक. मोठी फांदी मध्येच तोडली की त्या ठिकाणी सालीखालून झपाट्याने फुटवे येतात, झुबकाच्या झुबका. मूळची फांदी खोडाच्या वर्षावर्षाच्या थरांत खोल गुंतलेली असते. हा फुटवा फक्त वरच्या थरावर चिकटलेला असतो, आणि खालचं लाकूड उघडं पडून कुजत असतं. तीन-चार वर्षांत तो मनगटाएवढा होतो आणि वळवात सालीसकट सुटतो. आतल्या बारीक फांद्या साफ करून टोकाला फक्त झुबका ठेवण्याची पद्धतही तितकीच वाईट. झोक्यात खोड एकीकडे जातं तेव्हा बाजूच्या फांद्या दुसऱ्या तालात हलतात आणि हेलकावा मारून टाकतात. ऑस्ट्रेलियात केन जेम्स यांनी झाडांवर उपकरणं बांधून हे मोजलं. त्या फांद्या काढल्या की झाड लंबकासारखं झुलत राहतं.

मग काय कापायचं? वाळलेली फांदी. एकमेकांवर घासणाऱ्या दोहोंपैकी एक. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन सारख्या जाडीचे शेंडे जिथे अरुंद बेचक्यात मिळतात ती जागा. रुंद बेचक्यात लाकूड लाकडात विणलेलं असतं. अरुंद बेचक्यात दोन्हीकडची साल आत दाबली जाते, आणि सालीला साल कधी जुळत नाही. वाऱ्यात झाड उभं चिरतं ते बहुधा इथेच. गुलमोहर, सुबाभूळ, विलायती शिरीष यांत हे नेहमी दिसतं. झाड लहान असताना दोहोंपैकी एक शेंडा काढला तर कात्रीचं काम. मोठं झाल्यावर क्रेन लागते.

फांदी कापायची जागा नीट पाहिली तर अचंबा वाटतो. फांदी जिथे खोडातून निघते तिथे साल किंचित फुगलेली, सुरकुतलेली असते, बांगडीसारखी. अमेरिकेच्या वनखात्यात काम करणाऱ्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी-आडवी चिरून दाखवलं की ही बांगडी खोडाची असते, फांदीची नव्हे. आणि तिच्यात बुरशी अडवणाऱ्या रसायनांची भिंत उभारायची सोय असते. झाडाला आपल्यासारखी जखम भरून काढता येत नाही. कुजलेलं लाकूड ते पुन्हा नवं करत नाही. ते कुजलेल्या भागाला चारी बाजूंनी कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत पुढे जातं. म्हणून बांगडी राखून, तिच्या लगेच बाहेर कापायचं. खोडाला सपाट घासून कापलं तर बांगडी जाते आणि कूज थेट खोडात शिरते. वीतभर खुंट सोडला तर तो वाळतो, कुजतो आणि त्याच वाटेने कूज आत नेतो. जड फांदी तीन कापांत काढायची. आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून एक तृतीयांश कापायची, मग त्याच्या जरा बाहेर वरून कापून फांदी पाडायची, आणि शेवटी उरलेला खुंट बांगडीपाशी अलगद काढायचा. खालचा काप चुकला तर पडणारी फांदी खोडाची साल हातभर सोलत नेते. कापावर डांबर, ऑइलपेंट, शेण फासून कूज थांबत नाही; शायगो यांनी तेही तपासलं होतं. फळबागेत बोर्डो पेस्ट लावतात ते बुरशीच्या रोगांसाठी, त्याचा हिशेब वेगळा. एका वर्षात हिरव्या घेराच्या पाव हिश्श्याहून जास्त काढायचं नाही, आणि करवत वापरायची, कुऱ्हाड नाही.

ढोलीबद्दल एक गैरसमज सांगतो. पोकळ झाड म्हणजे मेलेलं झाड, असं धरून चांगली चिंच तोडलेली मी पाहिली आहे. पण सायकलची दांडी पोकळ असते आणि तरी तिच्यावर माणूस, डबलसीट आणि पिठाचा डबा बसतो. खोडाची वाकताना लागणारी ताकद बाहेरच्या कडेच्या लाकडात असते. अर्ध्या त्रिज्येपर्यंत खोड पोकळ झालं तरी ताकद जेमतेम सहा टक्के घटते. सत्तर टक्के त्रिज्या पोखरली गेली तर चोवीस टक्के. जर्मनीच्या कार्ल्सरूह इथल्या क्लाउस मॅथेक यांनी शेकडो पडलेली-उभी झाडं मोजून ढोबळ नियम काढला की भिंत त्रिज्येच्या तीस टक्क्यांहून पातळ झाली की काळजी करावी. ढोलीला मोठं तोंड असेल, उभी चीर असेल, बुंध्यावर छत्र्या उगवल्या असतील, तर त्याआधीच. लाकडी ठोकणीने बुंध्यावर चहूबाजूंनी ठोकून ऐकलं तरी पुष्कळ कळतं. आणि ढोलीत सिमेंट भरू नका. झाड झुलतं, सिमेंट झुलत नाही. आतून घासत राहतं.

लहान रोपांना आधार देताना लोक ती बांबूला आवळून बांधतात. जॅफची चोळलेली रोपं आठवा. न हलणारं रोप उंच वाढतं, पण जाड होत नाही, आणि दोर सोडला की लोळतं. दोन बाजूंना दोन बांबू, मध्ये आठच्या आकड्यात सैल बांधलेली सुतळी किंवा जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी, आणि बांधायचं खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, शेंड्याला नाही. वर्षभराने काढून टाकायचं.

नवं झाड लावताना घराजवळ काय लावू नये, हेही यातच आलं. शेवगा घरापासून चार हात लांब. शेंगा उत्तम, लाकूड कच्चं, कडाडकन मोडणारं. गुलमोहर मादागास्करहून आला, फुलतो वळवाच्या ऐन तोंडावर आणि मुळं वरवर पसरवतो. सुबाभूळ, निलगिरी वाढतात भराभर, पण छपराजवळ नकोत. लिंब, चिंच, करंज ही त्यांच्या मानाने सावकाश वाढणारी जात. सावकाश वाढलेल्याचं लाकूड घट्ट असतं, हे साधं सूत्र बहुतेक ठिकाणी खरं ठरतं.

वेळेचं म्हणाल तर छाटणी माघ-फाल्गुनात, पानगळीच्या सुमारास उरकावी. तेव्हा फांद्या उघड्या दिसतात, पानांचं ओझं नसतं आणि हवा कोरडी असल्याने बुरशी कमी. रोहिणी लागल्यावर, म्हणजे २५ मेच्या सुमारास, करवत काढणं म्हणजे उशीर. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला होता. मृग नक्षत्राची वाट बघणारे बघतच राहिले. पालिका हद्दीत झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि मोठ्या छाटणीआधीही कार्यालयात विचारून घेतलेलं बरं. तारेजवळची फांदी आपण हात लावायची नाही, बांबू तर मुळीच नाही. ते काम महावितरणकडे. तार तुटून झाडावर पडली असेल तर झाडाच्याही जवळ जायचं नाही. ओलं झाड वीज वाहून नेतं. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

आणि एक. मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसं, गुरं दगावतात, त्यातली कितीतरी झाडाखाली आसऱ्याला उभी राहिलेली. वीज झाडावर पडते तेव्हा सालीखालचा ओलावा क्षणात वाफ होतो आणि साल उभी फाटते. कितीही निरोगी, कितीही नीट छाटलेलं झाड असो, वळवात ते आसरा नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडण्याची शक्यता असली की फोनवर कळवतं. शेतात जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर ते असावं.

यंदा दुसरं काहीच जमलं नाही, तरी एवढं करा. दारातल्या झाडाच्या बुंध्यापाशी जा आणि फरशी, सिमेंट, जाळी, तार यांपैकी काय काय त्याला आवळून बसलंय ते बघा. बुंध्याभोवतीचा तीन-चार फूट घेर पहारीने मोकळा करा. फोडताना मुळांना पहार लागू देऊ नका. काम एका सकाळचं आहे.